पडद्यावरचा हत्ती आणि समोरचे मूल

शिरोळ तालुक्यातील जैन घरांत संध्याकाळ लवकर येते. सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकायची असतात. शेतावरून, कारखान्यावरून वा जयसिंगपूरच्या पेठेतून परतलेली माणसे हातपाय धूत असतात, स्वयंपाकघरात भाकरीची घाई असते. नेमक्या याच अर्ध्या-पाऊण तासात चार वर्षांचे मूल पायांत येऊ नये म्हणून त्याच्यापुढे पडदा सुरू करून दिला जातो. पडद्यावर काय चालले आहे याची चौकशी त्या घाईत कोणी करीत नाही. चित्रे रंगीत आहेत, प्राणी बोलत आहेत, मधूनच गाणे लागते, एवढे पुरेसे वाटते. ‘कार्टूनच तर आहे’ हे उद्गार प्रमाणपत्राचे काम करतात.

हीच समजूत मोठ्या पडद्याकडेही नेली जाते. चित्रपट अ‍ॅनिमेशनचा आहे म्हणजे तो मुलांचा. त्यातून कथा धार्मिक असली तर विचारायलाच नको. जुलै २०२५मध्ये या समजुतीची मोठीच परीक्षा झाली. २५ जुलै रोजी अश्विन कुमार दिग्दर्शित ‘महावतार नरसिंह’ हा अ‍ॅनिमेशनपट प्रदर्शित झाला आणि पाहता पाहता सर्वाधिक उत्पन्न मिळविणारा भारतीय अ‍ॅनिमेशनपट ठरला. देशभर कुटुंबेच्या कुटुंबे तो पाहण्यास गेली आणि त्यांत अगदी लहान मुलेही होती. शिरोळकरांना तर नावही परके नव्हते, कारण नृसिंहवाडी याच तालुक्यात आहे (ते क्षेत्र नृसिंह सरस्वतींचे, दत्तभक्तांचे, हा भाग वेगळा). प्रल्हादाची कथा पुष्कळ मुलांना ऐकून ठाऊक असते. मात्र ऐकलेल्या कथेत खांब फुटतो आणि दुष्ट राजाचा अंत होतो, एवढेच येते. ते वाक्य सांगायला दोन श्वास पुरतात. पडद्यावर तोच प्रसंग गर्जना, नखे आणि कानठळ्या बसविणाऱ्या संगीतासह मिनिटेच्या मिनिटे चालतो. भक्तांच्या श्रद्धेतील त्या कथेचे मोल जोखण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न एवढाच आहे की, मोठ्यांना भक्तिरसाचा कळस वाटणारा तो प्रसंग पाच वर्षांच्या मुलाच्या मनात कोणत्या रूपाने उतरतो?

त्यानंतर तीन-चार दिवसांतच तालुक्यात आणखी एक गोष्ट घडली. चित्रपटांशी तिचा वरवर पाहता काही संबंध नव्हता. नांदणी येथील जिनसेन मठातील महादेवी हत्तीण – अनेकांच्या तोंडी माधुरी – न्यायालयाच्या आदेशानुसार गुजरातेतील जामनगरच्या ‘वनतारा’ केंद्राकडे नेण्यात आली. तीन दशकांहून अधिक काळ ती मठात होती. तिला निरोप देताना लोटलेली गर्दी, डोळे पुसणारे वृद्ध, नंतर नांदणीहून कोल्हापूरपर्यंत निघालेली पदयात्रा हे सारे मुलांनी पाहिले. काहींनी रस्त्याच्या कडेला उभे राहून, बाकीच्यांनी मोबाइलवर. ज्या मुलांनी पंचकल्याण महोत्सवाच्या मिरवणुकीत हत्ती पाहिला होता, तीर्थंकरांच्या मातेच्या सोळा स्वप्नांत पहिला येतो तो शुभ्र ऐरावत चित्रात ओळखला होता, त्यांच्यासाठी हत्ती हा कथेतला प्राणी राहिला नव्हता. अशा मुलापुढे उद्या एखादा हत्तीचा चित्रपट लागला, तर तो ‘कार्टूनच तर आहे’ म्हणून सोडून देता येईल का? या प्रश्नाकडे पुढे यायचे आहे. आधी प्रमाणपत्राचे पाहू.

सेन्सॉर बोर्ड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र चित्रपटाच्या आरंभी काही क्षण दिसते आणि बहुतेक प्रेक्षक त्या वेळी जागा शोधत असतात. पूर्वी ‘यू’, ‘यूए’ आणि ‘ए’ असे ढोबळ वर्ग होते. २०२३मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, २०२४मध्ये नवे नियम आले आणि ‘यूए’ या वर्गाचे तीन भाग पडले: सात वर्षांवरील, तेरा वर्षांवरील आणि सोळा वर्षांवरील. घरबसल्या पाहण्याच्या सेवांना अशीच विभागणी २०२१च्या नियमांनी घालून दिली आहे; शिवाय चित्रपटात हिंसा, भीती, व्यसन यांपैकी काय आहे हे त्यांनी सांगावे आणि तेरा वर्षांवरील वर्गापासून पुढे पालकांना कुलूप लावण्याची सोय द्यावी, असेही बंधन आहे. ही सुधारणा चांगली आहे. पण दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. ‘यूए’चा आकडा ही पालकांना दिलेली सूचना आहे, चित्रपटगृहाच्या दारात त्या आकड्यावरून मुलाला कोणी अडवीत नाही. निर्णय पालकांवरच सोपविलेला आहे आणि पालक मात्र तो मंडळाने घेतला असे समजून निश्चिंत असतात. दुसरे असे की, यूट्यूबवर एकामागून एक आपोआप सुरू होणाऱ्या चित्रफितींना असे कोणतेही प्रमाणपत्र नसते, आणि सायंकाळच्या त्या अर्ध्या-पाऊण तासात बहुधा त्याच चालू असतात.

प्रमाणपत्राबाबत मतभेद काही आजचे नाहीत. डिस्नेचा ‘स्नो व्हाइट’ १९३७मध्ये आला, तेव्हा ब्रिटनच्या परीक्षकांनी त्यातील चेटकीण आणि अंधारे अरण्य पाहून मुलांनी तो मोठ्या माणसाच्या सोबतीनेच पाहावा असा वर्ग दिला. आपल्याकडे २०१६मध्ये ‘द जंगल बुक’ला ‘यूए’ मिळाले, तेव्हा त्याची भरपूर थट्टा झाली. मोगलीची गोष्ट मुलांनी पाहायची नाही तर कोणी, असा सवाल होता. तत्कालीन अध्यक्षांचे म्हणणे होते की, त्रिमितीत प्राणी अंगावर येतात आणि मुले घाबरतील. थट्टा करणाऱ्यांनी बहुधा पुस्तक आठवले. अध्यक्षांनी पडदा पाहिला होता. या एका बाबतीत मंडळाची बाजू घ्यावीशी वाटते. कथा तीच असली, तरी कागदावरचा शेरखान आणि अंधारात डरकाळी फोडत झेपावणारा शेरखान हे मुलाच्या दृष्टीने एक प्राणी नाहीत.

लहान मूल नेमके कशाला भिते? अमेरिकेतील जोॲन कँटर या संशोधिकेने या विषयावर अनेक वर्षे काम केले. मुख्य गोष्ट अशी की, सात वर्षांखालील मूल जे दिसते त्याला भिते, मोठे मूल जे घडू शकेल त्याला भिते. ‘इन्क्रेडिबल हल्क’ या दूरदर्शन मालिकेतील नायक सज्जन होता, लोकांना वाचवीत होता. तरी तो हिरवा, राक्षसी देह धारण करू लागला की बालवाडीच्या वयाची मुले घाबरत. त्याचा हेतू चांगला आहे हे त्यांच्या लेखी नव्हतेच; ओळखीचा चेहरा डोळ्यांदेखत बदलला, हीच भीती. दुसऱ्या एका प्रयोगात मुलांना कुरूप पण मायाळू आणि सुंदर पण क्रूर अशा स्त्रिया दाखविल्या, तेव्हा लहान मुलांच्या निवाड्यावर रूपाचाच प्रभाव अधिक पडला. अर्धा मनुष्य आणि अर्धा सिंह असे रूप खांबातून प्रकटते, तेव्हा मोठ्यांना तारणहार दिसतो. मुलाला काय दिसत असेल, याचा अंदाज या निष्कर्षांवरून बांधता येतो. ‘अरे, तो देव आहे, तो चांगला आहे’ हे कानात सांगून त्या वयात फारसे भागत नाही. ‘हे खरे नसते’ हे वाक्यही आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आधार देते, चार वर्षांच्या मुलाला नाही. त्याला आधार देतात ते मांडी, पांघरूण, पाण्याचा घोट, आणि पडदा बंद करणारा हात.

अ‍ॅनिमेशन ही चित्रपट करण्याची रीत आहे. तिला वय नसते. याचा सर्वांत स्पष्ट दाखला जपानमध्ये १६ एप्रिल १९८८ रोजी घडला. एकाच संस्थेचे दोन अ‍ॅनिमेशनपट त्या दिवशी एकाच तिकिटात दाखविले गेले. पहिला हायाओ मियाझाकी यांचा ‘माय नेबर तोतोरो’: आई रुग्णालयात असलेल्या दोन बहिणी खेड्यात राहायला येतात आणि त्यांना अरण्यातला एक भला थोरला, केसाळ, मुका सोबती भेटतो. दुसरा इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’: युद्धातील बाँबफेकीनंतर अनाथ झालेले भाऊबहीण भुकेने खंगत मरतात. चित्रांची शैली दुरून पाहिली तर सारखीच वाटावी. पहिल्यात खलनायकच नाही. छोटी बहीण हरवते तेवढा एक प्रसंग जीव टांगणीला लावतो आणि तोही सुखरूप संपतो. पाच वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन तो निर्धास्त पाहावा. दुसरा पाहताना मोठी माणसेही उठून बाहेर जातात.

मुलांच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या चित्रपटांत मृत्यू किती असतो, हे तपासण्याचा उद्योग २०१४मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने केला. १९३७च्या ‘स्नो व्हाइट’पासून २०१३च्या ‘फ्रोझन’पर्यंतचे ४५ गाजलेले अ‍ॅनिमेशनपट घेतले आणि त्यांची तुलना प्रौढांच्या ९० चित्रपटांशी केली. सुमारे दोन-तृतीयांश अ‍ॅनिमेशनपटांत एखाद्या महत्त्वाच्या पात्राचा मृत्यू पडद्यावर होता. प्रौढांच्या चित्रपटांत हे प्रमाण सुमारे निम्मे होते. नायक-नायिकेच्या आईवडिलांवर तर विशेष संकट. ‘बांबी’त पाडसाची आई शिकाऱ्याच्या गोळीने जाते. ‘लायन किंग’मध्ये मुफासा छाव्याच्या डोळ्यांदेखत मरतो. ‘फाइंडिंग नीमो’त तर नीमोचा जन्म होण्याआधीच आई आणि शेकडो अंडी नाहीशी होतात. पडद्यापुढचे मूल तेव्हा नुकतेच स्थिरस्थावर झालेले असते.

म्हणून मृत्यू दिसला की चित्रपट वर्ज्य, असा नियम करावा का? जैन घराला तो शोभणार नाही. ज्या घरांत समाधिमरणाविषयी आदराने बोलले जाते, आचार्य शांतिसागर महाराजांच्या कुंथलगिरीवरील सल्लेखनेची हकीकत सांगितली जाते, तेथे मुलापासून मृत्यू लपविलेला नसतो. लपवूही नये. पाहायचे ते इतकेच की, मृत्यूनंतर चित्रपट मुलाला कोणाच्या हाती सोपवितो. नीमोला बाप उरतो आणि तो समुद्र पालथा घालून त्याला शोधतो. मुलाला या आश्वासनाचा आधार शेवटपर्यंत मिळतो. सिंबा मात्र बापाच्या मृत्यूला आपणच कारणीभूत आहोत असे समजून पळून जातो, आणि ही समजूत बराच वेळ कोणी दूर करीत नाही. घरात नुकताच कोणी गेला असेल आणि मूल मनातल्या मनात ‘मी हट्ट केला म्हणून का?’ असे विचारीत असेल, तर त्या दिवसांत ‘लायन किंग’ नको. वर्षभराने तोच चित्रपट उपकारक ठरेल. असे निर्णय कोणत्याही मंडळाला घेता येणार नाहीत. ते त्या मुलाच्या आईला, आजीलाच घेता येतात.

भीतीचा विचार येथपर्यंत. तेवढ्यावर कोणताही सुबुद्ध पालक थांबू शकेल. श्रावकाच्या घरात मात्र आणखी एक प्रश्न उभा राहतो आणि तो अधिक अवघड आहे. पाठशाळेत मुले शिकतात की, हिंसा केवळ स्वतः केल्याने होत नाही. कृत, कारित आणि अनुमोदना – करणे, करविणे, आणि दुसऱ्याने केलेल्याला मनाने होकार देणे – या तिन्हींनी ती आपली होते. चित्रपटगृहात मूल काही करीत नाही, करवीतही नाही. ते टाळी वाजविते. ती टाळी कशासाठी वाजते, हे पाहणे म्हणजे चित्रपट पारखणे.

बहुसंख्य अ‍ॅनिमेशनपट या टाळीची फार काळजीपूर्वक योजना करतात. खलनायकाला आधी पुरेसा तिरस्करणीय करायचा. त्याचा आवाज घोगरा, नाक बाकदार, वर्ण काळवंडलेला. मग नायकाचे हात स्वच्छ ठेवून त्याला दरीत पडू द्यायचे. ‘लायन किंग’ची गंमत पाहण्यासारखी आहे. शेवटी सिंबा काकाला मारण्याचे नाकारतो, त्याला निघून जाण्यास सांगतो. येथे चित्रपट थांबला असता तर तो क्षमेचा पाठ झाला असता. पण तसा शेवट प्रेक्षकांना अळणी वाटला असता म्हणून की काय, काका दगा देतो, झटापट होते, तो खाली पडतो आणि तरस त्याचा फडशा पाडतात. क्षमेचे श्रेय नायकाला आणि शिक्षेचा आनंद प्रेक्षकाला, अशी वाटणी. मुलाने टाळी वाजविली ती कोणत्या क्षणी, हे शेजारी बसलेल्याला कळते.

यावर कोणी विचारील की, आपल्या पुराणकथा कुठे सौम्य आहेत? ही शंका रास्त आहे आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. सुकुमाल मुनींना कोल्हीण आणि तिची पिले तीन दिवस खात होती, ही कथा पाठशाळेतील मुलेही ऐकतात. भगवान पार्श्वनाथांवर कमठाच्या जीवाने केलेला उपसर्ग कोणत्याही चित्रपटाच्या वादळाला मागे टाकील. नेमिकुमारांच्या लग्नात बांधून ठेवलेल्या पशूंचा आक्रोश आहेच. हिंसा या कथांत आहे, आणि ती पुष्कळ आहे. फरक आहे तो टाळीत. सुकुमाल मुनींच्या कथेत ऐकणाऱ्याला त्या कोल्हिणीचा सूड हवासा वाटत नाही. तिच्या आणि त्यांच्या पूर्वभवाचे नाते ऐकून तिचीही कीव येते. पार्श्वनाथांचा शत्रू शेवटी दरीत पडत नाही, तो पश्चात्तापाने शरण येतो. ऐकणारे मूल कोणाच्याही नाशावर खूश होऊन उठत नाही. मात्र हेही मान्य करायला हवे की, या कथा उद्या कोणी अ‍ॅनिमेशनमध्ये आणल्या आणि कोल्हीण रक्ताळलेले दात दाखवीत पडदाभर फिरली, तर चार वर्षांच्या मुलासाठी तो चित्रपटही अयोग्यच. विषय आपला आहे म्हणून डोळ्यांना सूट मिळत नाही.

आहाराच्या बाबतीत जैन पालक अधिक सावध असतात. ताटात मांस दिसले की चित्रपट बंद होतो. ही सावधगिरी समजण्यासारखी आहे, पण तिने कधी कधी चांगली संधी हुकते. ‘फाइंडिंग नीमो’त मासे न खाण्याची शपथ घेतलेले शार्क आहेत. त्यांतल्या एकाला रक्ताचा वास लागताच शपथ विसरते आणि तो पाठलाग करतो. नियम घेणे आणि नियम पाळणे यांतील अंतर मुलाला समजावून सांगायला याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण. उलट, ‘लायन किंग’मधील सिंबा मांस सोडून किडे खाऊ लागतो तेव्हा चित्रपटगृह हसते आणि पाठशाळेत त्रस जीव शिकलेले मूल गोंधळते. त्या गोंधळासाठी चित्रपट बंद करण्याचे कारण नाही. उत्तर देणारे कोणी शेजारी बसलेले असावे.

आता हत्तीच्या चित्रपटाकडे वळू. डिस्नेचा ‘डम्बो’ १९४१मधला. अवघ्या ६४ मिनिटांचा. सर्कशीतील एका हत्तिणीला पिलू होते, त्याचे कान अवाढव्य असतात आणि इतर हत्तिणी त्याला हिणवतात. सर्कस पाहायला आलेला एक द्वाड मुलगा त्याची कानखेची करतो. आई त्या मुलाला सोंडेने चोप देते. एवढ्या अपराधाबद्दल ती वेडी ठरते, तिच्या पायांत साखळदंड पडतात आणि तिला बंद गाडीत कोंडले जाते. पिलाला विदूषक बनवून जळत्या घरावरून उडी मारायला लावतात. रात्री एक उंदीर त्याला आईच्या गाडीपाशी नेतो. आई दिसत नाही. गजांतून फक्त सोंड बाहेर येते आणि त्या सोंडेच्या झोक्यात पिलाला जोजविते. साऱ्या चित्रपटात डम्बो एक शब्दही बोलत नाही.

सर्कस हा आपल्या भागाला परका विषय नाही. सांगली परिसरातील विष्णुपंत छत्रे यांनी १८८०मध्ये ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली आणि भारतीय सर्कशीचा आरंभ तेथून मानला जातो. पूर्वीच्या पिढ्यांनी तंबूतले हत्ती मोठ्या हौसेने पाहिले. ‘डम्बो’ त्या हौसेची दुसरी बाजू दाखवितो.

तीन-चार वर्षांच्या मुलाला हा चित्रपट दाखवू नये. आई समोर आहे पण तिच्यापाशी जाता येत नाही, ही त्या वयातील सर्वांत मोठी भीती आहे आणि चित्रपट ती फार परिणामकारकपणे मांडतो. सहा-सात वर्षांच्या मुलाने मोठ्या माणसाजवळ बसून पाहावा, मात्र दोन ठिकाणी सावध राहून. एक, डम्बो आणि उंदीर मद्य मिसळलेले पाणी नकळत पितात आणि त्यानंतर गुलाबी हत्तींचे एक लांबलचक, भेसूर दृश्य येते. डोळ्यांच्या जागी पोकळ्या, एकातून दुसरे निघणारे आकार. कँटरबाईंच्या निष्कर्षानुसार लहान मुलाला भेडसावील असे सारे त्यात आहे. व्यसन विनोदाने दाखविले आहे ही जैन घराची आणखी एक हरकत. ते दृश्य पुढे ढकलले तरी कथेचे काही अडत नाही. दुसरे, कावळ्यांच्या रूपाने तेथील कृष्णवर्णीयांची केलेली नक्कल. याच कारणाने डिस्नेच्या स्ट्रीमिंग सेवेने २०२१मध्ये हा चित्रपट सात वर्षांखालील मुलांच्या खात्यांतून काढला. आपल्या मुलांना तो संदर्भ कळणार नाही, हे खरे. मोठ्यांना ठाऊक असावा.

टाळीच्या कसोटीवर मात्र ‘डम्बो’ बऱ्यापैकी उतरतो. उडता येऊ लागल्यावर तो आपल्याला छळणाऱ्यांवर शेंगदाण्यांचा मारा करतो, एवढाच त्याचा सूड. कोणी मरत नाही. मुलाची मोठी टाळी पडते ती तो उडतो तेव्हा, आणि आई सुटते तेव्हा.

पण शिरोळच्या मुलाचा प्रश्न त्याच्याही पुढचा असणार. आई सुटते म्हणजे काय होते? १९४१च्या चित्रपटात ती आणि डम्बो सर्कशीतच राहतात. फक्त आता त्यांना आगगाडीचा खास डबा मिळतो. २०१९मध्ये टिम बर्टन यांनी खऱ्या नटांसह नव्याने केलेल्या ‘डम्बो’त मायलेकरांना अरण्यात सोडले जाते आणि सर्कस प्राण्यांवाचून चालू राहते. अठ्ठ्याहत्तर वर्षांत हत्तीच्या सुखाची कल्पना कशी बदलली, हे या दोन शेवटांत दिसते. ज्या मुलाने महादेवीला जाताना पाहिले आहे, ते मूल विचारील: मग आपली हत्तीण सुटली की तिला नेले? तिला तिकडे आवडते का? आपल्याकडे ती साखळीत होती का?

या प्रश्नांना घरात दोन उत्तरे मिळण्याचा संभव आहे. मठातील ममता, वर्षानुवर्षांचा सहवास, लोकांचे अश्रू हे खरे होते. हत्ती कळपात राहणारा, दिवसाकाठी मैलोगणती चालणारा प्राणी आहे आणि एकटेपण त्याला सोसत नाही, हेही खरे आहे. तिच्या आरोग्याचा प्रश्न न्यायालयापुढे होता. नंतर तिच्यासाठी नांदणी परिसरातच पुनर्वसन केंद्र उभारण्याच्या हालचाली सुरू झाल्या. मोठ्यांचे मत कोणत्याही बाजूचे असो, मुलाला ‘ते लोक वाईट, त्यांनी आपला हत्ती पळविला’ एवढेच सांगणे म्हणजे त्याच्या हाती पुन्हा एक खलनायक देणे होय. एकाच घटनेकडे पाहण्याच्या अनेक बाजू असतात हे ज्या परंपरेने शिकविले, तिच्यातील आजीला ‘माधुरीला आपण जीव लावला, आणि तिला चांगले कशात वाटेल यावर मोठ्या माणसांत मतभेद झाले’ असे सांगणे अवघड जाऊ नये. ज्या घरात हे सांगण्याची तयारी नाही, तेथे ‘डम्बो’ तूर्त थांबू शकतो.

चित्रपट आधी स्वतः पाहावा, हा सल्ला सर्वांना ठाऊक असतो आणि वेळेअभावी कोणी पाळत नाही. त्यावर मध्यममार्ग आहे. या प्रकारच्या चित्रपटांत वियोग बहुधा पहिल्या अर्ध्या भागात येतो आणि शिक्षा शेवटच्या वीस मिनिटांत. तेवढे दोन तुकडे पाहिले तरी पुष्कळ कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शनानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलाने दिवसात तासाभराहून अधिक पडदा पाहू नये, म्हणजे बहुतेक चित्रपट त्या वयाला एका बैठकीत लांबच पडतात. दोन दिवसांत विभागून पाहण्यात काही कमीपणा नाही. मात्र नायक संकटात असताना मध्ये थांबवू नये. ती रात्र मुलाला जड जाते. पाहायचे ते दिवसा, खोलीत उजेड ठेवून. चित्रपटगृहात कडेची जागा घ्यावी, म्हणजे उठून जाताना संकोच होत नाही. तिकिटाचे पैसे वाया जातील म्हणून मुलाचे डोळे झाकून बसणे व्यर्थ, कारण कान उघडेच राहतात. मोठ्या भावंडांनी ‘भित्रा’ म्हणून हिणवले तर त्यांनाच आधी आवरावे.

नंतरची एक साधी रीत फार उपयोगी पडते. ज्या आजीने चित्रपट पाहिला नाही, तिला मुलाने तो सांगावा. मध्ये कोणी दुरुस्ती करू नये. मूल सुरुवात कोठून करते, काय गाळते, कोणत्या प्रसंगापाशी त्याचा आवाज वाढतो आणि कोठे ते आजीच्या पदराला धरते, हे नीट ऐकावे. ‘डम्बो’ पाहून आलेल्या मुलाने उडण्याचा प्रसंग सोडून त्या सोंडेपासूनच गोष्ट सुरू केली, तर पुढच्या वेळी कोणता चित्रपट निवडायचा आणि कोणता वर्षभर लांबवायचा, हे आजीला कळून चुकेल.